टाकीतली दादागिरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस बैठकीतल्या काचेच्या टाकीकडे बघतो आणि बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "हे पाणी खरंच खारट आहे?" आणि दुसरा, "यांना खायला काय घालता?" आमच्या दूधवाल्यानं मात्र तिसराच प्रश्न विचारला होता. किटली खाली ठेवून त्यानं बराच वेळ टाकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे खायाचं का नुसतं बघायाचं?" नुसतं बघायचं, असं मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. त्याचंही काही चुकलं नव्हतं. मुळशी तालुक्यातला माणूस. मृगाचा पाऊस पडून ओढे भरून वाहायला लागले, की रात्री बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला जाणारा. त्याच्या लेखी माशाचं नातं थेट कालवणाशी.

मी पिरंगुटला राहते. शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. ही टाकी खरं तर माझी नाही, माझ्या मुलाची. तो हिंजवडीत नोकरीला होता तेव्हा त्याला हा छंद लागला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर एकशे नव्वद लिटर पाणी मावतं, आत दगड आहेत म्हणून प्रत्यक्षात एकशे साठच्या आसपास. चार वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं. निघताना सगळ्या सूचना त्यानं वहीत लिहून दिल्या आणि म्हणाला, "आई, तू बघशील ना?" मी हो म्हटलं. पंचवीस-तीस वर्षं साठ साठ मुलांचे वर्ग सांभाळले होते, तीन मासे सांभाळणं काय अवघड, असं मला वाटलं.

पाण्याचं मी लवकर शिकले. समुद्राचं पाणी आणायचं नसतं. गाळलेल्या आरओच्या पाण्यात खास सागरी मीठ मिसळायचं, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते पण मिठाची होत नाही, म्हणून पातळी कमी झाली की गोडं पाणीच घालायचं. तापमान पंचवीस-सव्वीस अंश ठेवायचं. हे सगळं मापाचं काम, आणि मापाचं काम मला जमतं. जमलं नाही ते माशांच्या आपसातल्या वागण्याचं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

मुलगा गेला तेव्हा टाकीत तीन मासे होते. दोन नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाऊनफिश. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नेमो' चित्रपटामुळे आता लहान मुलंही त्यांना नेमो म्हणून ओळखतात. तिसरा डोमिनो डॅमसेल. काळाकुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन पांढरे ठिपके. अंगानं जेमतेम दोन इंच. पण टाकीत हात घातला, की सगळे मासे मागे सरायचे आणि हा पुढे येऊन बोटाला चावायचा. आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'भाई'.

मुलगा गेल्यावर तीन-चार महिन्यांनी मला वाटलं, टाकी जरा रिकामी दिसते. पुण्यातल्या एका दुकानातून मी फायरफिश नावाचा मासा आणला. पुढचा भाग मोतिया, शेपटीकडे लालसर होत जाणारा आणि पाठीवर एक लांब काडीसारखा उभा काटा. पोरांनी लगेच नाव दिलं, 'शेंडीवाला'. डॅमसेल आहे टाकीत, चालेल ना, असं मी दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, "काही होत नाही काकू, दोन दिवसांत सेट होतात." रविवारी संध्याकाळी मी शेंडीवाल्याला टाकीत सोडलं. अर्ध्या मिनिटात भाई त्याच्या अंगावर गेला. शेंडीवाला दगडामागे गेला, भाई मागे. कोपऱ्यात गेला, तिथेही मागे. भाईचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी खाणं टाकलं. त्यानं ते खाल्लं आणि पुन्हा पाठलाग सुरू. नऊ-साडेनऊला मी दिवा बंद केला आणि झोपायला गेले.

सकाळी शेंडीवाला टाकीत नव्हता. टाकीवर काचेचं झाकण होतं, पण पंपाच्या नळ्यांसाठी मागच्या कोपऱ्यात तीन बोटांची फट होती. त्या फटीतून उडी मारून तो बाहेर पडला होता. टेबलामागे फरशीवर वाळून पडलेला सापडला. शेपटीचा एक तुकडा तुटलेला होता. पोरांना मी खोटंच सांगितलं, परत देऊन टाकला म्हणून. मुलाला आठ दिवस काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, भाईला देऊन टाक कुणाला तरी. तो मासाच दुष्ट आहे."

मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. वर्गात एखादं दांडगट पोर असतं, त्याला बाहेर काढलं की वर्ग शांत, असा माझा हिशेब. तो चुकीचा आहे हे मला दाखवलं ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्या मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातल्या. फरशी पुसता पुसता त्यांनी माझी सगळी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, भांडान कुठं नसतंय? पर आमचं गाव पाण्यात गेलं तवा आमची मान्सं वर डोंगराच्या अंगाला सरकली. ह्या माशानं सरकावं कुठं? चारी बाजूला काचच हाय की."

मुळशीकरांना जागेचं मोल नव्यानं सांगायला नको. १९२१ ते १९२४ या काळात याच खोऱ्यात, धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ती माणसांची गोष्ट मोठी आहे, तिची आणि माशांच्या भांडणाची तुलना मला करायची नाही. पण मावशींचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं: ह्या माशानं सरकावं कुठं?

त्याच हिवाळ्यात आम्ही काही निवृत्त शिक्षक मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्यात तोंड बुडवून मासे बघण्याची सोय आहे. या वयात कसलं धाडस, असं म्हणत म्हणत मी उतरले. बरोबरच्या मुलानं हात धरला होता. खाली खडकाळ भाग, आणि तिथे पिवळट अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे. त्यांना सार्जंट म्हणतात. हवालदाराच्या बाहीवर असतात तसे पट्टे, म्हणून ते नाव. त्यातला एक मासा एका खडकाच्या तुकड्यापुढे उभा होता. दुसरा मासा जवळ आला की हा त्याच्या अंगावर धावून जायचा, अगदी भाईसारखा. फरक एवढाच, की दुसरा मासा दोन-तीन हात लांब पळाला की हा मागे फिरायचा आणि पुन्हा आपल्या खडकापुढे येऊन उभा राहायचा. पळालेला मासा थोड्या अंतरावर जाऊन निवांत चरायला लागायचा. बाहेर आल्यावर त्या मुलानं सांगितलं, "बाई, तो नर. खडकावर अंडी असतात, त्यांची राखण करतो."

माझ्या डोळ्यांपुढे आमची तीन फुटांची टाकी आली. समुद्रात ज्या अंतरावर भांडण संपतं, ते अंतर आमच्या टाकीत नव्हतंच. भाई पाठलाग थांबवत नव्हता, कारण शेंडीवाला कुठेही गेला तरी तो भाईच्या हद्दीतच असायचा. हरलेल्यानं निघून जायचं, हा समुद्रातला नियम. आमच्या शेंडीवाल्यानं तो पाळला. निघून जायला त्याला एकच वाट सापडली, झाकणाच्या फटीतून.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. पुढे १९७३ साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून होते. फ्लॉरिडाच्या समुद्रात आणि घरच्या टाकीत त्यांनी पाहिलं, की हे रंगीबेरंगी मासे इतर जातींच्या माशांकडे फारसं लक्ष देत नाहीत, पण स्वतःच्या जातीचा दुसरा मासा दिसला की त्याच्यावर तुटून पडतात. कारण सरळ आहे. ज्याचं खाणं तेच, राहण्याची भोकं तीच आणि जोडीदारही त्याच, तोच खरा प्रतिस्पर्धी. माणसाच्या आक्रमकतेबद्दल लोरेन्झ यांनी पुढे जे लिहिलं त्यातलं बरंचसं नंतरच्या अभ्यासकांना पटलं नाही. पण टाकीत हरलेल्या माशाला हद्दीबाहेर जाताच येत नाही आणि म्हणून तिथे मरण ओढवतं, ही गोष्ट टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी डोळ्यांनी पाहिलेली असते.

डॅमसेलची गोष्ट याच्याही एक पाऊल पुढे जाते. या कुळातले काही मासे चक्क शेती करतात. खडकाच्या एका तुकड्यावर उगवलेलं शेवाळ राखतात, नको ती रोपं उपटून टाकतात आणि चरायला येणाऱ्या कुठल्याही जातीच्या माशाला हाकलतात, मग तो आकारानं कितीही मोठा असो. आमचा भाई शेतकरी नव्हता, पण त्याच भाऊबंदकीतला. त्याच्या दृष्टीनं शेंडीवाला हा पाहुणा नव्हता, बांध कोरायला आलेला माणूस होता.

आणि ज्यांना आपण गरीब समजतो ते क्लाऊनफिश? त्यांच्या घरातही कडक उतरंड असते. एका समुद्रफुलात क्लाऊनफिशचा एक कळप राहतो. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर, आणि बाकीचे आकारानं उतरत्या क्रमानं. हे सगळे जन्मतः नर असतात. मादी मेली तर तिचा नर काही काळानं मादी होतो आणि तिसऱ्या क्रमांकाचा मासा नराच्या जागेवर येतो. २००३ साली पीटर बस्टन या शास्त्रज्ञानं पापुआ न्यू गिनीतल्या क्लाऊनफिशवर केलेलं एक काम 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालं. खालच्या क्रमांकाचे मासे आपली वाढ आवरून धरतात, वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहानच राहतात, असं त्यात दिसलं. वरच्याच्या आकाराजवळ जाणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आणि घराबाहेर काढलं जाणं. म्हणून टाकीसाठी क्लाऊनफिश घ्यायचे तर एक मोठा आणि एक लहान असे दोनच घ्यावेत. सारख्या आकाराचे दोन मोठे एकत्र आणले तर आधी मारामारी. आणि जोडी जमल्यावर हौसेनं तिसरा आणला, तर लहान टाकीत त्या तिसऱ्याचं काही खरं नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. यातलं बरंच मी चुका करून शिकले.

पहिली गोष्ट, प्रत्येक पाठलागाला घाबरायचं नाही. थोडं अंगावर जाणं, पंख पसरून दाखवणं, दोन-चार दिवसांची कुरबुर हे चालायचंच. काळजी कधी करायची? नवा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा पंपामागे चिकटून बसला, खायला येईना, कल्ले भराभर हलायला लागले, पंख फाटलेले दिसले, तर वाट बघायची नाही. त्याला लगेच वेगळं काढायचं. त्यासाठी लहानशी का होईना, हीटर आणि फिल्टर असलेली दुसरी टाकी घरात तयार हवी. सतत छळ झालेला मासा रोगालाही लवकर बळी पडतो. अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले, तर तो परजीवीचा रोग असतो आणि तो सगळ्या टाकीत पसरतो. नवा मासा सरळ मोठ्या टाकीत न सोडता आधी या लहान टाकीत तीन-चार आठवडे ठेवायचा, हे त्यासाठीच.

दुसरी गोष्ट, क्रम. जो सर्वांत भित्रा तो आधी, जो सर्वांत दांडगट तो शेवटी. आमच्याकडे नेमकं उलटं झालं होतं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात. पूर्वी लोक या काळात टाकीत एखादा काटक डॅमसेल सोडायचे, कारण तो मरत नाही. भाई तसाच आला होता. आता मासा न सोडताही, बाहेरून थोडा अमोनिया घालून हे काम करता येतं. एका जिवाला विषात ठेवणं टळतं आणि रिकाम्या टाकीचा सातबारा पहिल्याच दिवशी दांडगटाच्या नावावर होत नाही.

तिसरी गोष्ट, दगडांची मांडणी. दुकानात दिसते तशी एक सलग भिंत रचायची नाही. दोन-तीन वेगळे ढीग करायचे, मध्ये मोकळी वाट ठेवायची आणि प्रत्येक ढिगात आरपार भोकं ठेवायची. एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सतत दिसता कामा नये. नजरेआड झाला की भांडणही निम्मं होतं. लहानशा टाकीत पळायला अंतर मिळत नाही, तेव्हा निदान आडोसा मिळाला पाहिजे.

चौथी गोष्ट, नवा मासा आणायच्या दिवशी दगड हलवायचे. सगळ्यांच्या खाणाखुणा पुसल्या गेल्या, की जुन्यांनाही आपली हद्द नव्यानं शोधावी लागते आणि नव्याला थोडी सवड मिळते. आधी जुन्यांना पोटभर खायला घालायचं, मग दिवा बंद करायचा आणि मग नव्याला सोडायचं. त्याहून चांगलं म्हणजे भोकं असलेली पारदर्शक पेटी. ती टाकीतच आतून टांगायची आणि नव्या माशाला तीन दिवस ते आठवडाभर त्यात ठेवायचं. सगळे एकमेकांना बघतात, पण चावता येत नाही. रोज पेटीसमोर उभं राहून बघायचं. दांडगट मासा पेटीला धडका देणं थांबवून आपल्या कामाला लागला, की मगच दार उघडायचं.

पाचवी गोष्ट गमतीची. काचेला बाहेरून एक लहान आरसा लावायचा. दांडगट मासा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तेवढ्यात नवा मासा टाकी बघून घेतो. पण हे दिवसातून थोडाच वेळ आणि दोन-चार दिवसच. कायम आरसा लावून ठेवला तर त्या माशाचाच जीव मेटाकुटीला येतो.

सहावी गोष्ट, एवढं करूनही ऐकत नसेल तर नव्याला न काढता जुन्या दांडगटाला पेटीत घालायचं, आठवडाभर. तो बाहेर येईपर्यंत इतरांनी जागा धरलेल्या असतात आणि तो स्वतः नवा होऊन परत येतो. आणि खाणं एकदम एका जागी टाकायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं, टाकीच्या दोन्ही टोकांना टाकायचं.

आणि शेवटची, पण मला सर्वांत आधी कळायला हवी होती ती गोष्ट: झाकणाच्या फटी बंद करायच्या. बारीक जाळी लावायची. त्याला पन्नास-शंभर रुपये लागतात.

हे सगळं केल्यावर मी दुसऱ्या वर्षी एक लहान गोबी आणला, वाळूवर बसून राहणारा शांत मासा. तो आठ दिवस पेटीत राहिला. भाईनं पहिले दोन दिवस धडका दिल्या, तिसऱ्या दिवशी कंटाळला. पाचव्या दिवशी मी त्याचे दगड हलवले, आठव्या दिवशी पेटी उघडली. भाई दोनदा अंगावर गेला, गोबी दगडाखालच्या भोकात गेला, भाई परत फिरला. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मालवणला पाहिलं होतं तेच माझ्या बैठकीत घडत होतं. त्या रात्री मी मुलाला फोन करून सांगितलं, "अरे, भाई परत फिरला." तिकडे दुपार होती आणि तो मीटिंगमध्ये होता. पण तो बाहेर येऊन माझ्याशी बोलला.

पण श्रोतेहो, सगळीच भांडणं मांडणीनं मिटत नाहीत. डोमिनो डॅमसेल पुरता वाढला की बराच मोठा होतो. वर्षभरात भाई चांगला जाडजूड झाला आणि क्लाऊनफिशना त्यांच्या कोपऱ्यातून हलू देईना. आडोसा, आरसा, पेटी, सगळं झालं. टाकी तीन फुटांची आणि मासा तिला न पुरणारा, या हिशेबाला दुसरं उत्तर नव्हतं. मुलाच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे सहा फुटी टाकी आहे, त्यांनी भाईला घ्यायचं कबूल केलं. अशा वेळी काही लोक मासा नदीत नाहीतर समुद्रात सोडून देतात. तसं कधीही करू नये. खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात तडफडून मरतो, आणि परक्या समुद्रात जगला तर दुसऱ्यांना मारतो. आपल्या बाजूच्या समुद्रांतला लायनफिश १९८५ साली फ्लॉरिडाजवळ दिसला. हौशी लोकांनी टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून तो तिकडे पसरला असं मानतात. आज तो तिथल्या प्रवाळातले लहान मासे फस्त करतो आहे.

म्हणून मला वाटतं, टाकीतल्या भांडणाचा अर्धा निकाल दुकानातच लागतो. घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा पुरता वाढल्यावर केवढा होईल? याच्या जातीचा, रंगाचा किंवा ठेवणीचा मासा माझ्याकडे आधीच आहे का? आणि हा घरात जन्मलेला आहे की समुद्रातून पकडलेला? क्लाऊनफिशची पैदास आता आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलेलं आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीच्या जगण्याला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी कुठल्या प्रवाळाला हात लावावा लागत नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना तर २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण मिळालं. तेव्हा शोभेसाठी किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नये. टाकीत सिरॅमिकचे दगड चालतात. माशाला आडोसा लागतो, तो कशाचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

भाईला पोचवायला मी स्वतः गेले होते. झाकणाच्या बादलीत, मांडीवर घेऊन. त्या सहा फुटी टाकीत त्याच्यापेक्षा मोठे चार-पाच मासे होते. त्या गृहस्थांनी त्याला आधी पेटीत ठेवलं आणि आठवड्यानं सोडलं. मी फोन करून विचारलं, "काय करतोय?" ते म्हणाले, "दोन दिवस झाले, पंपामागे लपून बसलाय. बाहेर यायला तयार नाही."

आमच्या घरातला हा एवढा दादा, दुसऱ्याच्या घरी पंपामागे लपला होता. तेव्हा कुठे मला पुरतं पटलं, की भाई दुष्ट नव्हता. आमच्या टाकीत तो आधी आलेला होता, एवढंच. पुढच्या आठवड्यात तो खायला बाहेर आला, आता तिथे व्यवस्थित आहे. उजवीकडचा एक दगड त्यानं आपला केला आहे म्हणे, आणि तेवढ्यापुरताच तो भांडतो. सहा फुटांत बाकीच्यांना ते परवडतं.

आमच्याकडे आता दोन क्लाऊनफिश आणि एक गोबी. टाकी पुन्हा रिकामी दिसते, असं येणारे-जाणारे म्हणतात. मुलगा येत्या दिवाळीत परत येतोय. परवा फोनवर म्हणत होता, "आई, एक निळा सर्जनफिश आणू या का, डोरी?" मी त्याला म्हटलं, "बाळा, त्याच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो आणि त्याला पोहायला सहा फूट लागतात. आधी टाकी आण, मग मासा." तो हसला. शेंडीवाल्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. पण झाकणाच्या त्या फटीवर मी लावलेली जाळी त्यानं अजून पाहिलेली नाही. आला की पहिल्यांदा तीच दाखवणार आहे.